आदत, दुसा आणि स्टॉक कार

स्टॉक कार हा शब्द मला माझ्या भाच्याने शिकवला. तो अमेरिकेत शार्लट नावाच्या गावी असतो (नॉर्थ कॅरोलायना राज्यात. आमची ताई अजून 'शारलोट' म्हणते आणि आता तिला कुणी सुधारतही नाही). तिकडे मोटारींच्या शर्यतीचं वेड आपल्याकडच्या कुस्तीसारखं. दुकानात कुणालाही मिळते तीच गाडी, म्हणजे स्टॉकमधली, तशीच्या तशी पळवायची, म्हणून स्टॉक कार. भाचा ज्या मंडळींत मिसळतो ती याच्याही पुढची आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या गाड्या शोधायच्या, पुन्हा उभ्या करायच्या आणि पळवायच्या. आणि पळवण्याआधी तासन्‌तास वाद घालायचा. हा पत्रा मूळचा का? हे इंजिन त्याच काळातलं का? पाटे बदललेत का?

तो हे फोनवर रंगून सांगत होता. मी म्हटलं, अरे, हे सगळं आपल्या मैदानावर रोज चालतं. फरक एवढाच, तुमच्याकडे बॉनेट उघडतात आणि आमच्याकडे बैलाचं तोंड.

तर मंडळी, आज त्याबद्दल. आमच्या बारामती-इंदापूर भागातल्या छकड्याच्या शर्यतींबद्दल. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी आधी थोडा खुलासा करतो. जुन्नर, आंबेगाव, खेडकडे जो बैलगाडा पळतो तो वेगळा. तिथे घाट असतो, गाडा एकटाच चढावर पळतो, पुढे घोडी असते आणि सेकंदावर निकाल लागतो. आमच्याकडे, म्हणजे खाली नीरेकाठी आणि पुढे सातारा-सांगलीपर्यंत, सपाट मैदान असतं. नांगराच्या तासासारखे सरळ पट्टे आखलेले, त्यांना तासच म्हणतात. एका तासावर एक छकडा, दोन बैल, वर एक गाडीवान. आधी गट, मग सेमी, मग फायनल. (सेमी आणि फायनल हे शब्द आता इतके मराठी झालेत की 'उपांत्य' म्हटलं तर मैदानावर कुणी वळूनही बघणार नाही.)

यात बैलांच्या वयाचे वर्ग असतात आणि ते दातांवर ठरतात. बैलाला पुढचे दात खालच्याच जबड्यात असतात, आठ. सगळे दात अजून दुधाचेच असले तर तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की मधली जोडी पडून दोन रुंद, कायमचे दात येतात, तो दुसा. चार आले की चौसा. आठही आले की बैल जुळला. आदतचं मैदान वेगळं असतं, कारण जुळलेल्या बैलापुढे कोवळं खोंड टिकणार नाही. जन्मदाखला नसलेल्या जनावराचं वय ठरवायची ही पद्धत किती जुनी आहे कुणास ठाऊक, पण बाजारात आजही अंगठ्याने ओठ खाली ओढून दोन सेकंदात सौदा फिरतो.

आता छकड्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

आमच्या लहानपणी गाडी म्हणजे ओझ्याची गाडी. बाभळीची चाकं, मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरून पाट्या आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चढवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्राच. सुतारमामा धावेचा घेर मुद्दाम चाकापेक्षा बोटभर कमी ठेवायचे. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे प्रसरण पावून मोठी होते. तिघाचौघांनी चिमट्यांनी धरून चाकावर टाकायची आणि लगेच घागरींनी पाणी. चर्रर्र आवाज, वाफ, लाकूड जळाल्याचा वास, आणि थंड होताना आवळत जाणाऱ्या धावेखाली सगळे सांधे करकरत घट्ट व्हायचे. पुढे विज्ञानाच्या सरांच्या रजेवर मी कधी तो तास घेतला तर उष्णतेने प्रसरण शिकवायला मला दुसरं उदाहरण लागलं नाही.

ती गाडी गेली ती दोन टप्प्यांत. आधी कारखान्यांनी नेली. हा सगळा पट्टा उसाचा. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर. उसाला रबरी टायरची गाडी आली, धावेची गाडी वाड्यामागे उभी राहिली. मग ट्रॅक्टर आला आणि टायरगाडीही हळूहळू ऊसतोड मजुरांपुरती उरली. (वालचंदनगर म्हटलं म्हणून सांगतो. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाचं हे आमच्या तालुक्यातलं गाव, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पुढे तिच्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडली. तेव्हा मोटारींशी आमच्या तालुक्याचं अगदीच नातं नाही असं समजू नये!)

शर्यतीचा छकडा या दोन्ही गाड्यांतून निघाला, पण तो आता कुणाचाच राहिलेला नाही. साटा काढला, कारण ओझं नाही. उभ्या खुंट्या काढल्या. राहिला नुसता सांगाडा. जू, धुरा, आख, दोन चाकं आणि गाडीवानाला पाय रोवायला थोडी जागा. दोन माणसं तो उचलून टेम्पोत टाकतात. तुंब्यात वंगणाच्या चिंध्या कोंबायचो तिथे आता बेअरिंग असतं.

माझ्या हाताखाली शिकलेला एक सुतार बारामती तालुक्यात छकडे करतो. मी त्याला विचारलं, हलका करत करत शेवटी कुठे थांबता? तो म्हणाला, "सर, हलका करणं कुणालाही जमतं. तोल जमत नाही." मग त्याने दाखवलं. मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जोत्याने बैलाचा गळा आवळतो. पुढे जास्त झालं की धुरजड, सगळं ओझं मानेवर. ओझ्याच्या गाडीत हे गोणी पुढेमागे सरकवून जमवता यायचं. छकड्यात गोणी नाहीच, तिथे गाडीवानच गोण. तो उभा राहून पुढे झुकला, मागे रेलला की तोल बदलतो. आणि छकडा फारच हलका केला तर ढेकळावरून उडतो, एक चाक हवेत जातं, पलटी खातो. म्हणजे हलकेपणाला एक मर्यादा छकडाच घालतो, त्याला पंच लागत नाही. सुतार हे सांगताना हाताने आख चाचपत होता. हा शाळेत गणितात कायम काठावर असायचा. तराजूचा नियम मी त्याला कधी शिकवला नाही, तो त्याच्या हातात आधीच होता.

१५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी आणि 'मूळ रूपात' जपलेली दुचाकी-चारचाकी, तिला व्हीए अक्षरांची वेगळी पाटी. ते वाचताना माझ्या मनात आलं, बैलगाडीचं मूळ रूप कोणतं धरणार? धावेची, टायरची, की छकडा? शर्यतीच्या बैलगाडीला आपण परंपरा म्हणतो, आणि मीही म्हणतो, पण पळते ती वस्तू माझ्या आजोबांनी ओळखलीही नसती. मला त्याचं वाईट वाटत नाही. धारदार खुंट्या आणि सुटणाऱ्या कुण्या गेल्या असतील तर बरंच झालं. भाच्याच्या मंडळींतही हाच तिढा आहे. पत्रा, इंजिन जुन्या काळचं हवं, पण चालवणाऱ्याचा पट्टा, डोक्यावरची टोपी, छताखालचा नळ्यांचा पिंजरा आजचा हवा. वेग ज्यातून येतो ते जुनं, जीव ज्यावर लोंबतो ते नवं. मला हा हिशेब पटला.

पण छकड्यात जीव नेमका कुणाचा, असं आमच्या सौ. नेहमी विचारतात. गाडीवान आपल्या पायाने चढतो. बैलाला विचारलं का कुणी?

हा प्रश्न घरातच विचारला गेला असं नाही. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने प्रदर्शनास किंवा खेळास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल आला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती दोन्ही बंद केल्या. त्या निकालातला मुद्दा सोपा होता. बैल हा ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखा पळण्यासाठी त्याची शरीररचना नाही, तो पळतो तो भीतीने किंवा वेदनेने. आमच्याकडे या वाक्यावर फार चिडचिड झाली. "खिलार कधी बघितलाय का यांनी?" खिलार चपळ आहे हे खरंच. माणदेश, आटपाडी, सांगोल्याकडचा हा बैल, पांढरा, काटक, लांब शिंगांचा. दोर सोडला की मोकळ्या रानात आपला आपण उधळतो.

पण मी उगाच बाजू घेणार नाही. मी ऐंशीच्या दशकात कितीतरी जत्रांत झेंडा हातात धरलाय. मास्तर म्हणजे निःपक्षपाती, या समजुतीने मला बोलवायचे. शेपटी पिरगाळलेली, चावलेली मी पाहिली आहे. काठीच्या टोकाला खिळा पाहिला आहे. पुढे खिळ्याची जागा बॅटरीने घेतली, मुठीत मावणारी, बैलाला झटका देणारी. हे सगळे करत नव्हते, पण जे करायचे ते सगळ्यांना ठाऊक असायचे आणि कुणी बोलायचं नाही. न्यायालयात बाहेरचे लोक गेले याचा राग करायचा तर आधी आतले का गेले नाहीत हे विचारावं लागतं.

बंदीची साडेसात वर्षं वाईट गेली. ट्रॅक्टर आल्यापासून खिलार पाळायला शेताचं कारण उरलंच नव्हतं, दुधाला तर ही जात नाहीच. शर्यत गेली आणि शेवटचं कारण गेलं. आमच्या वस्तीवर एका घरात दावणीला नेहमी चार बैल असायचे, तिथे एक राहिला. खोंडं कुठे गेली हे विचारायचं नसतं. चोरून शर्यती व्हायच्या, पहाटे, कुठल्या तरी माळावर. तिथे ना पंच, ना डॉक्टर, पोलीस आले की बैलासकट पळापळ. बंदीने क्रूरता थांबली की नुसती लपली, यावर प्रामाणिक माणसांत दोन मतं असू शकतात. माझ्या पाहण्यात दोन्ही झालं.

२०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, पुन्हा न्यायालय, आणि १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. नियम असे: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, ५०,००० रुपयांची अनामत, धाव १,००० मीटरपेक्षा जास्त नाही, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबूक-विजेचा झटका काही नाही. मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. चांगले नियम आहेत. पण कागदावरच्या नियमाला मैदानावर एक माणूस लागतो, जो गर्दीसमोर "बाद" म्हणेल.

इथे मला भाच्याने सांगितलेली गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या शार्लटमध्येच १९ जून १९४९ ला नास्कार नावाच्या त्यांच्या संघटनेची 'अस्सल स्टॉक' गाड्यांची पहिली शर्यत झाली. पाऊण मैलाचा मातीचा गोल, २०० फेऱ्या. ग्लेन डनअवे नावाचा माणूस १९४७ ची फोर्ड घेऊन पहिला आला. शर्यतीनंतर गाडी तपासली तर मागच्या पाट्यांत कारागिरी केलेली. ही गाडी मुळात चोरट्या दारूची वाहतूक करणाऱ्यांची होती. मागे दारूचा माल भरला तरी गाडी दबू नये, वळणावर झोल खाऊ नये म्हणून पाटे ताठ केलेले. (म्हणजे तिथेही प्रश्न ओझ्याचाच! मला ही गोष्ट आवडली ती यासाठीही.) झालं. डनअवे बाद. दुसरा आलेला कॅन्ससचा जिम रोपर, लिंकन गाडीवाला, विजेता. फोर्डच्या मालकाने दहा हजार डॉलर्सचा दावा ठोकला, न्यायाधीशांनी तो फेटाळला.

विचार करा, पहिलीच शर्यत. स्थानिक लोकांनी ओरडून डोक्यावर घेतलेला, आणि त्यालाच त्याच दिवशी बाद. संघटना नवी, पैशाची गरज, लोक दुरावले तर संपलंच. तरी केलं. पुढे त्या शर्यतीचं काय झालं, गाड्या दुकानातल्या राहिल्या की नाही (नाही राहिल्या, आता नुसता आकार आणि नाव सारखं), ते सोडा. पण त्या दिवशी पाटे बघणारा माणूस होता आणि त्याने बघितलं ते सांगितलं.

२०२२ च्या उन्हाळ्यात शर्यती सुरू झाल्यावर एका गावच्या कमिटीने मला आदत गटाला पंच म्हणून बोलावलं. गावाचं नाव लिहीत नाही. मी सत्तरी ओलांडलेला, म्हटलं झेंडा नको, खुर्चीवर बसून दात बघतो. सकाळी तपासणीची वेळ ठेवली होती, बहुतेकांनी खोंडं आणली. एक वजनदार घर आलं नाही. "आमचं खोंड सगळ्यांना माहीत आहे, सर." ते खोंड पळालंही झकास, फायनलला पहिलं. दुसऱ्या नंबरचा, साधा मेंढपाळ घरातला पोरगा, माझ्यासमोर आला आणि हळूच म्हणाला, सर, एकदा तोंड बघा.

बघितलं. मधे दोन रुंद दात, स्पष्ट. दुसा.

मग जे झालं ते तुम्ही ओळखालच. एकजण म्हणाला, नजरचूक होते. दुसरा म्हणाला, दात आत्ता आले असतील, सकाळी नव्हते. (पळता पळता आले!) शेवटी कमिटीतल्या एका शहाण्याने तोडगा काढला, पहिलं बक्षीस दोघांत विभागून द्यायचं. हा आपला खास तोडगा. यात कुणाचं वाकडं होत नाही, फक्त नियमाचं होतं. मी म्हटलं, निकालाच्या कागदावर मी विभागून सही करणार नाही. आदतच्या मैदानात दुसा पळाला, तो बाद. डॉक्टर तिथेच होते, त्यांनी दात बघून तेच सांगितलं, म्हणून मला बळ आलं, हेही नमूद करतो. अर्धा तास लाऊडस्पीकर बंद होता. मग समालोचकाने दुसऱ्या नंबरचं नाव पहिलं म्हणून पुकारलं, जरा खालच्या आवाजात.

त्या गावचं बोलावणं मला पुन्हा आलेलं नाही. पण शेजारच्या गावाने पुढच्या वर्षी पत्रिकेवरच छापलं की दात तपासल्याशिवाय तास मिळणार नाही आणि जुंपायच्या आधी गाडीवानाने दोन्ही मुठी उघडून दाखवायच्या. मुठी उघडण्याची कल्पना कुणाची मला माहीत नाही, पण फार चांगली आहे. पंधरा छकडे ओळीने उभे आणि पंधरा माणसं शाळेतल्या नखं-तपासणीसारखे हात पुढे करून उभी. मला हसू आवरेना. कुणी कुरकुर केली नाही, कारण सगळ्यांनाच करावं लागत होतं.

सौं.ना मी हे घरी येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुठी बघितल्या हे बरं केलं. पण बैलाला विचारलं का?" याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणत नाही. मी एवढंच म्हटलं, विचारता येत नाही म्हणूनच त्याच्या वतीने बघायला कुणीतरी लागतं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मैदानाला मात्र अजून आल्या नाहीत.

तो मेंढपाळ घरातला पोरगा मधूनमधून येतो. बक्षिसाच्या पैशातून त्याने गोठ्याला पत्रे टाकले. त्याचं ते खोंड वयात आल्यावर, पुढच्या दुसाच्या मैदानाआधी, टेम्पो थेट आमच्या दारात उभा केला होता. "सर, आधी तुम्ही बघा, मग नाव देतो." मी चष्मा लावला, अंगठ्याने ओठ खाली ओढला. दोन होते, रुंद, पांढरे. शेजारची जोडी हलायला लागली होती. म्हटलं, या हंगामात पळव, पुढच्या वेळी चौसा होईल.